हा कुठला?

हलीमाभाभींचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत पोरांना भिंगाचं नाभीय अंतर काढायला शिकवत होतो. शिपाई दारातूनच म्हणाला, "राठोड सर, जवळा बाजारहून कोणी बाई बोलून राहिल्या. अर्जंट म्हणतात."

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कॉलेजच्या पाटीवर अजून परभणीच होतं. फोन एकच, तो हेडक्लार्कच्या टेबलावर, त्यामुळे जे बोलायचं ते सगळ्या ऑफिसदेखत.

"भाऊ, तुमी एकदा येऊन जा," भाभी म्हणाल्या.

"बद्रू बरा आहे ना?"

"बरे आहेत. पण बाहेर येत न्हाईत."

"कुठून बाहेर?"

मग त्या म्हणाल्या, "गाण्याच्या खोलीतून."

बद्रुद्दीन आणि मी परभणीला बी.एस्सी.ला एका खोलीत राहिलो होतो. मी साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा, तो जवळा बाजारच्या कापसाच्या व्यापाऱ्याचा एकुलता पोरगा. त्याच्याकडे रेडिओ होता आणि त्या रेडिओवरून आमचं भांडण व्हायचं. तो म्हणायचा, ह्या कंपनीच्या सेलवर गाणाऱ्याचा गळा कोरडा लागतो, त्या कंपनीच्या सेलवर ओला. मी म्हणायचो, डोळे झाक, मी सेल बदलतो, तू ओळख. तो हसून विषय बदलायचा.

पुढे त्याचे अब्बा वारले आणि धंदा त्याच्याकडे आला. मी एम.एस्सी. करून हिंगोलीत नोकरीला लागलो. मैत्री टिकली आणि त्याचा नादही टिकला. हंगाम बरा गेला की तो एखादं नवं यंत्र घ्यायचा. चुलतभावाकरवी शारजाहून जपानी अ‍ॅम्प्लिफायर आणवला, मुंबईहून छातीएवढे स्पीकर आणले. घरामागच्या गोदामाची एक खोली त्यानं खास गाणं ऐकायला बांधून घेतली. मी तिथे दोन-तीनदा बसलो होतो, चहा प्यायलो होतो, आणि सगळंच छान वाजतं म्हणून उठलो होतो.

आता भाभी सांगत होत्या, की पावसाळ्यात तो हैदराबादला गेला होता आणि तिथल्या जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. त्याच्यावर ना कंपनीचं नाव, ना नंबर. तेव्हापासून तो त्या खोलीतच होता.

"तिथंच जेवतात, तिथंच झोपतात. संडासला जाऊन येतात तेवढंच, तेबी पळत. डॉक्टरला दाखवू म्हणलं तर म्हणाले, ओमप्रकाशला बोलवा. त्यानं माझे डोळे बांधावे आणि टेस्ट घ्यावी. नव्या-जुन्यातला फरक मला न्हाई ओळखता आला, तर मी उठतो. खोलीला कुलूप लावतो." मग आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी त्यांना खोटं पाडा."

मी हो म्हणालो. मला त्यात अवघड काही वाटलं नाही.

अशा चाचणीत मोठी विद्या नसते. ऐकणाऱ्याला कुठलं यंत्र चालू आहे ते दिसू द्यायचं नाही आणि दोन्ही यंत्रांचा आवाज मीटर लावून अगदी सारखा करायचा, कारण किंचित मोठा आवाज माणसाला चांगला आवाज वाटतो. कुठलं यंत्र कधी लावायचं ते नाणं उडवून ठरवायचं. एवढं केलं की भल्याभल्यांचे कान गोंधळतात. जो माणूस उघड्या डोळ्यांनी तासभर फरक सांगत असतो, तो डोळे झाकल्यावर अंदाजानं बोलायला लागतो. हे मी वाचलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एक बटणाची पेटी तयार केली. बटण एकीकडे केलं की स्पीकर नव्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडले जायचे, दुसरीकडे केलं की जुन्याला. बटणाचा खटका होऊ नये म्हणून आत रबर बसवलं. पेटी पिशवीत घालून मी औंढ्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसलो.

जवळ्याला बाजार भरला होता. स्टँडपासून घरापर्यंत मिरच्यांचे ढीग, दोरखंड, बांगड्या, कोंबड्या, आणि ह्या सगळ्यांवरून एका लुगडीवाल्याच्या भोंग्याचा कर्कश आवाज. भाभी अंगणात वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि गोदामाकडे बोट दाखवलं. स्वतः आल्या नाहीत.

खोली गोदामाच्या टोकाला होती. खिडकी नव्हती. चारही भिंतींना जमिनीपासून वरपर्यंत कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, निळ्या पट्ट्यांच्या खोळीच्या. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, मधोमध एक पिवळा बल्ब. दारालाही आतून तीच गादी होती. मी दार लोटलं आणि बाजाराचा सगळा गलका कापल्यासारखा तुटला. कानात पाणी जावं तसं झालं. मागे वळून पाहिलं तर दार कुठलं आणि भिंत कुठली ते पटकन कळेना.

बद्रुद्दीन वेताच्या खुर्चीत बसला होता. मला पाहून तो हसला, पण उठला नाही. एरवी तो मला मिठी मारल्याशिवाय बोलायचा नाही. दाढी वाढली होती. हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर होते.

"बस म्हणलं असतं," तो म्हणाला, "पण खुर्ची एकच आहे."

"काय चाललंय हे, बद्रू?"

"नवा लावला की गाणं ऐकू येतं," तो म्हणाला. "जुना लावला की खोली ऐकू येते."

"म्हणजे?"

"आधी टेस्ट घे. मग बोलू."

"आणि जुना नको वाटत असेल तर लावू नको. बाहेर ये. काहून बसून राहिलास?"

त्यानं दाराकडे पाहिलं. निदान मला तरी ते दार असावं असं वाटलं. "मी उठलो की खुर्ची रिकामी राहते."

"मग राहू दे."

"राहू देत न्हाईत," तो म्हणाला, आणि पाहुण्यासमोर घरातलं काही बोलून गेल्यासारखा ओशाळला.

मी पुढे विचारलं नाही. वाद घालण्यापेक्षा चाचणी लवकर उरकावी असं ठरवलं. यंत्रांच्या पुढे एक जाड पडदा बांधला. पडद्यामागे टेबलावर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर होते. नवा, म्हणजे जपानी, चांदीच्या रंगाचा, चपटा. जुना काळा, आणि त्याच्या पाठीवर काचेचे व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले. त्यांना तापलेल्या धुळीचा वास येत होता. मीटर लावून मी दोघांचा आवाज सारखा केला. बद्रूचे डोळे त्याच्याच दस्तीनं, खिशातल्या रुमालानं बांधले, गाठ मागे घट्ट मारली. सारंगीची कॅसेट लावली.

"बदललं की मी विचारीन, हा कुठला," मी म्हणालो. "तू नवा किंवा जुना एवढंच सांग."

नाणं उडवलं, बटण सरकवलं. "हा कुठला?"

"जुना."

बरोबर होतं. परत नाणं. "हा कुठला?"

"नवा."

तेही बरोबर. मला दोन्ही वेळा सारंगी अगदी एकच ऐकू येत होती. मी पुढे जात राहिलो आणि तो एकदाही चुकला नाही. विचार करायलाही थांबत नव्हता. मी बटणाला हात न लावता विचारलं, तर म्हणाला, "तू काही बदललंच न्हाईस." माझं डोकं अजून चालत होतं. पडद्याला कुठे फट आहे का ते पाहिलं. बटण सरकताना माझ्या हातातल्या तांब्याच्या कड्याचा आवाज होतो का म्हणून कडं काढून ठेवलं. काही फरक पडला नाही.

मग मी कॅसेट बंद केली आणि बटण जुन्यावर ठेवलं. खोलीत काहीच वाजत नव्हतं. मी काही विचारलंही नाही.

"हा जुना," बद्रू हळूच म्हणाला. "आता बराबर ऐकू येऊन राहिलं."

मी पडद्याबाहेर आलो. त्यानं मान थोडी डावीकडे कलती केली होती. शेजारी कोणी कानाशी बोलत असलं की माणूस करतो तशी.

मी स्पीकरला कान लावून पाहिला. व्हॉल्व्हच्या यंत्रात कधीकधी बारीक घरघर असते. तिच्यावरून तो ओळखत असेल, असं माझ्या मनात आलं आणि मला हायसं वाटलं. मला घरघर ऐकू आली नाही, पण मी वाकून, धडधडत्या छातीनं ऐकत होतो. ती फक्त खुर्चीच्या जागीच ऐकू येत असेल. खोलीत असं होतं. एका जागी आवाज साठतो, दुसऱ्या जागी विरतो.

मी त्याच्या डोळ्यांवरची दस्ती सोडली. "आता मी बसतो."

"नको."

"काहून?"

"तुझं काम झालं. मी हरलो न्हाई. तू जा आता."

"बद्रू, तुला यंत्राची घरघर ऐकू येते. ती मला ऐकू आली की कारण सापडलं. मग तू ह्या खुर्चीत कशाला बसशील?"

त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, उजेडामुळे.

"मी नको म्हणलो होतो," तो म्हणाला. "तू ऐकलंस ना मी नको म्हणलो ते?"

"ऐकलं."

मग तो उठला. उठला तरी त्यानं खुर्चीचा एक हात धरून ठेवला होता. मी बसलो, वेत माझ्या वजनानं करकरला, तेव्हा त्यानं तो सोडला. त्यानं दस्ती माझ्या डोळ्यांवर बांधली. ती ओलसर होती. त्याची पावलं पडद्यामागे गेली.

सारंगी सुरू झाली.

"हा कुठला?"

"नवा," मी अंदाजानं बोललो.

थोड्या वेळानं परत, "हा कुठला?"

"नवाच." मला काहीच फरक कळत नव्हता आणि मी मनात खूश होत होतो.

तिसऱ्यांदा काहीतरी बदललं. सारंगी तीच होती, तितकीच मोठी होती. बदललं होतं ते तिच्या आजूबाजूचं.

लग्नाच्या हॉलमध्ये सकाळी कोणी नसताना बोललं तर आवाज घुमतो. पंगत बसली की तोच आवाज बुजतो. माणसांची अंगं, कपडे, केस आवाज पितात. हे मी दरवर्षी वर्गात शिकवायचो. ह्या खोलीत भिंतींना गाद्या होत्या, पण फरशी आणि स्लॅब उघडे होते, त्यामुळे आवाजाचं थोडं घुमणं उरलं होतं. आता माझ्या डाव्या हाताला ते घुमणं नाहीसं झालं. एका माणसाएवढ्या जागेत सारंगी पोचत होती आणि परत येत नव्हती.

"हा कुठला?"

"जुना," मी म्हणालो. विचार करायला थांबलो नाही.

मग उजवीकडे तसंच झालं.

मग पाठीमागे.

"बद्रू, भाभी आल्या का आत?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. सारंगी वाजत होती, पण कापसाच्या ढिगाखाली ठेवल्यासारखी. खोली भरत चालली होती. कुठे पाऊल वाजलं नाही, कुठे श्वास ऐकू आला नाही. फक्त एकेक जागा मुकी होत गेली, आणि दर वेळी ती मुकी जागा खुर्चीच्या थोडी अधिक जवळ होती.

"हा कुठला?"

"जुना."

"हा कुठला?"

"जुना. बद्रू, बस झालं. सोड."

सारंगी थांबली होती. ती कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. गुडघ्यांवर ऊब जाणवली. समोर कोणी वाकून निरखून पाहत असलं की जाणवते तशी.

"हा कुठला?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. आवाज पडद्यामागून आला नव्हता. आणि प्रश्न मला विचारलेला नव्हता.

माझ्या मागून कोणीतरी, अगदी साध्या गावाकडच्या आवाजात, उत्तर दिलं.

"साखऱ्याकडचा."

मी दस्ती ओढून काढली. तरीही काही दिसलं नाही. बल्ब विझला होता, व्हॉल्व्ह विझले होते. मी उठून भिंतीकडे धावलो. हाताला गादी लागली. गादी चाचपत पुढे सरकलो. कोपरा आला. पुन्हा गादी, पुन्हा कोपरा. परत कोपरा. दार आलं नाही.

मी ओरडलो. माझं ओरडणं मलाच नीट ऐकू आलं नाही.

मी गादीवर बुक्क्या मारल्या. हात नुसते रुतत होते.

मग एकदम उजेड आत पडला. हलीमाभाभी दार धरून उभ्या होत्या. "भाऊ, अंधारात काय करून राहिलात? किती हाका मारल्या तुमाला."

मी त्यांना ढकलूनच बाहेर आलो. अंगणात लख्ख ऊन होतं. बद्रुद्दीन नळाखाली पाय धूत होता. तोंड धुऊन झालं होतं, बाह्या वर सरकवलेल्या होत्या. भाभी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं.

"लाईट गेली," बद्रू म्हणाला.

"कधी?"

"तू बसलास आणि लगेच गेली. पहिल्यांदा बटण सरकवलं आणि गेली."

"मग विचारत कोण होतं?"

त्यानं नळ बंद केला. टाचा एकमेकांवर घासत राहिला. "मी तुला हाक मारली, ओमप्रकाश. लाईट गेली, चल बाहेर म्हणलो. तू म्हणलास, चालू दे."

"मी नाही म्हणालो."

"आवाज तुझाच होता," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जेवायला थांबलो नाही. मिळेल त्या एस.टी.नं हिंगोली गाठली. गाडीच्या खडखडाटात काही जाणवलं नाही. घरी माझी बायको निता स्वयंपाकघरातून बोलत होती आणि मी तिला दोनदा म्हणालो, मोठ्यानं बोल. ती बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिचे शब्द सगळे कळत होते. पण ते माझ्यापर्यंत यायच्या आधी वाटेत कोणीतरी उभं होतं.

दुसऱ्या आठवड्यात भाभींचा फोन आला. बद्रू बाजारात गेला होता, कापसाच्या वजनकाट्यावर बसत होता, पोटभर जेवत होता. जुना अ‍ॅम्प्लिफायर त्यानं स्वतः हातोड्यानं फोडून भंगारवाल्याला दिला. खोलीत कापूस भरला. "तुमचे उपकार कसे फेडू, भाऊ," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, उपकार कसले.

मी माझ्या परीनं सगळं करून पाहिलं. नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला काचेची खिडकी असलेल्या, आतून फोम लावलेल्या केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि बारीक आवाज ऐकवले. प्रत्येक आवाजाला मी बोट वर केलं. आलेख सरळ आला. "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, सर," ते हसत म्हणाले. त्यांना मी हे सांगितलं नाही, की त्या केबिनमध्ये इतर पेशंट गुदमरतात म्हणे, मला मात्र आत-बाहेर काहीच फरक वाटला नाही.

कापसाच्या हंगामात मी एकदा जवळ्याला गेलो. बद्रू काट्याजवळ उभा होता. मला पाहून सवयीनं म्हणाला, "बस," आणि त्याचा चेहरा पडला. आम्ही उभेच राहिलो. त्यानं मला खोली दाखवली. दार अर्धंच उघडत होतं. आत स्लॅबपर्यंत कापूस दाबून भरलेला, सुई शिरायला जागा नव्हती.

"अजून आहेत?" त्यानं विचारलं.

"अजून."

"तुझ्या जागी बसून कोणी ऐकलं न्हाई ना?"

"नाही."

तो कापसाच्या भिंतीवरून हात फिरवत राहिला. "कोणाला बसव असं मी सांगणार न्हाई. बसवू नको असंबी कोणत्या तोंडानं सांगू?" मग म्हणाला, "मला तर आता गाणंच नको वाटतं. लग्नातला ढोल वाजला तरी मी शेतात जाऊन बसतो." बोलताना तो माझ्यापासून हळूहळू मागे सरकत होता. त्याला ते कळत नसावं. त्यानंतर मी त्याच्याकडे गेलो नाही.

वर्गात उभं राहणं अवघड होत गेलं. शेवटच्या बाकावरचं पोरगं प्रश्न विचारायचं आणि मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसायचे. काही वर्षं मी तशीच रेटली. मग नोकरी सोडली आणि आम्ही साखऱ्याला आलो. सगळ्यांना वाटलं, शेताची ओढ. निताला खरं ते सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त त्या उत्तर देणाऱ्या आवाजाचं नाही.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकट्यानं कशाला ऐकता? मी बसते तुमच्याजवळ. डोळे बांधते. मला बी ऐकू द्या."

"नाही," मी म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो, की ती दचकली. मला मात्र तो आवाज कुजबुजीसारखा वाटला.

"मग निदान बोला तरी माझ्याशी."

मी बोलतो. रोज बोलतो. पण तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसतो, आणि ती झोपली की दूर जाऊन पडतो. तिचे डोळे मिटलेले असताना माझ्या हातून काही होईल, मी नकळत तिला माझ्या जागी ओढीन, ही भीती मला आहे. आणि कधीकधी, फार थकल्यावर, भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी असतं. तेव्हा मी उठून बाहेर जातो.

बाहेर म्हणजे रानात. आमचं रान उघडं आहे. यंदा हरभरा आहे, घोट्याएवढा. झाड बांधावरच, तेही लांब. तिथे आवाज अडवायला काही नाही. उघड्यावर टाळी वाजवली तर ती जाते ती जातेच, परत येत नाही. पहिल्यांदा मी तिथे गेलो तो त्यासाठीच. वाटलं, इथे तरी सुटका होईल. दुपार होती. वारा पडला होता. मी रानाच्या मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली.

ती चारही बाजूंनी परत आली. दबलेली, गादीवर आपटल्यासारखी.

मी चालत बांधापर्यंत गेलो आणि परत वाजवली. तशीच आली. जिथे जाईन तिथे, मी मधोमध.

तेव्हापासून मी अधूनमधून टाळी वाजवून पाहतो. अंतर मला कानानं मोजता येतं, तेवढी माझी विद्या अजून शाबूत आहे. ते कमी होत चाललं आहे. आधी चार माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा होती. आता मी हात पसरले तर बोटं टेकतील असं वाटतं. मी हात पसरत नाही.

काल निता जेवण घेऊन आली. मी तिला बांधावरून येताना पाहिलं, डोक्यावर टोपली, पदर कमरेला खोचलेला. ती काहीतरी म्हणत होती, बहुतेक भाजीचं. मला ऐकू येत नव्हतं. हरभऱ्याच्या सरीतून ती सरळ चालत आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिनं टोपली खाली ठेवली. मग तिनं उजवा हात वर केला, बोटं मिटली, आणि माझ्या तोंडासमोरच्या मोकळ्या हवेत, दार वाजवायला करतात तशी मूठ धरली.

मूठ तशीच राहिली. तिनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लाजून हसली. "बाई, काय करून राहिले मी," असं तिच्या ओठांवरून वाचता आलं.

पण हात तिनं खाली घेतला नव्हता. ती वाट पाहत होती.

मी आतून काही बोललो नाही.